हवेवर चाक चालवणारा पशुवैद्य

सायकलचे चाक हवेवर चालवण्याची किमया साधली ती एका पशुवैद्याने. जॉन बॉइड डनलॉप यांच्या नावाने जगभर टायर विकले गेले; परंतु त्या शोधावरचा, संपत्तीवरचा आणि अखेर स्वतःच्या चेहऱ्यावरचाही हक्क त्यांच्या हाती राहिला नाही. वारंवार पंक्चर होणाऱ्या जुन्या सायकलीच्या निमित्ताने या आयुष्याचा घेतलेला हा मागोवा.

प्रतिनिधी, रेणापूर (जि. लातूर)

लातूरहून अंबाजोगाईकडे जाणाऱ्या रस्त्यावर रेणा नदीच्या परिसरात वसलेले रेणापूर हे तालुक्याचे गाव. पावसाळा ओसरू लागला, की येथील रस्त्यांच्या कडेला सराट्याचे वेल जमिनीला बिलगून पसरतात. पाच पाकळ्यांची नाजूक पिवळी फुले आणि त्यांच्यामागून येणारे काटेरी फळ. हे फळ वाळले, की त्याचे पाच तुकडे होतात आणि तुकडा कसाही पडला, तरी त्याचा एखादा काटा वर तोंड करून राहतो. आयुर्वेदाने गोखरू म्हणून गौरविलेल्या या वनस्पतीला इंग्रजीत थेट पंक्चरची वेल अशा अर्थाचे नाव आहे. तिच्या जोडीला बांधावरच्या बाभळीचे काटे असतात, बैलांच्या नालांचे निखळलेले खिळे असतात आणि उसाच्या हंगामात अवजड वाहनांच्या फुटलेल्या टायरमधून सुटलेल्या पोलादी तारेचे बारीक तुकडे असतात. या भागात जुनी सायकल वापरणाऱ्याला पंक्चर हा अपघात वाटतच नाही. तो त्याच्या दिनक्रमाचा भाग असतो.

शहरातील वाचकालाही हा अनुभव परका नाही. माळ्यावर पडलेली अरुंद टायरची जुनी रेसिंग सायकल हौसेने खाली काढली जाते. ती पुसून, तेलपाणी करून रस्त्यावर येते आणि चार दिवसांत तिचे मागचे चाक बसते. पंक्चर काढले जाते. आठवडा उलटत नाही तोच पुन्हा तेच. मग कोणी रस्त्याला दोष देतो, कोणी ट्यूबला, तर कोणी पंक्चर काढणाऱ्याला. या नित्याच्या कटकटीचे मूळ शोधत मागे गेले, तर आपण आयर्लंडमधील बेलफास्ट शहरातल्या एका अंगणात जाऊन पोहोचतो. वर्ष असते १८८७ आणि अंगणात उभा असतो दाढीवाला, शांत स्वभावाचा एक पशुवैद्य.

मुक्या रुग्णांचा वैद्य

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडच्या एअरशायर परगण्यातील ड्रेगहॉर्न या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. दिवस पूर्ण भरण्याआधीच हे मूल जन्मले होते, असे त्यांच्या घरी सांगितले जाई. आपली प्रकृती नाजूक आहे, ही समजूत त्यामुळे त्यांच्या मनात कायमची बसली. एडिंबरो येथे त्यांनी पशुवैद्यकाचे शिक्षण घेतले. काही वर्षे मायदेशी व्यवसाय केल्यावर १८६७ मध्ये ते आयर्लंडला गेले. डाउनपॅट्रिक येथे भाऊ जेम्स यांच्यासह त्यांनी दवाखाना चालवला व पुढे बेलफास्टच्या मे स्ट्रीटवर आपले बस्तान बसवले. १८७१ मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला एक मुलगी व एक मुलगा झाला. १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत डनलॉप यांचा दवाखाना आयर्लंडमधील सर्वांत मोठ्या पशुवैद्यकीय दवाखान्यांपैकी एक गणला जाऊ लागला होता.

हा तपशील किरकोळ नाही. पशुवैद्याचा रुग्ण बोलत नाही. दुखते कोठे, हे त्याला सांगता येत नाही. चालीतला फरक, खुराची झीज, अंगावरची थरथर यांवरून दुखण्याचे मूळ शोधावे लागते. शिवाय त्या काळी पशुवैद्याचे सारे आयुष्य घोडागाडीत आणि रस्त्यावर जाई. दगडी फरसबंदीवरून धावणाऱ्या लोखंडी धावेच्या चाकांचा खडखडाट, त्या हादऱ्यांनी माणसाची मोडणारी पाठ आणि घोड्यांच्या पायांवर येणारा ताण डनलॉप यांच्या नजरेसमोर रोजचाच होता. यंत्रविद्येचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. निदान करण्याची सवय मात्र हाडीमाशी भिनली होती.

अंगणातला प्रयोग

त्यांचा मुलगा जॉनी याच्याकडे तीनचाकी सायकल होती. तिच्या चाकांना भरीव रबराच्या पट्ट्या होत्या आणि बेलफास्टच्या दगडी रस्त्यांवर ती त्याला खिळखिळे करून सोडत असे. आपली सायकल अधिक वेगाने आणि कमी धक्क्यांनी चालावी, एवढीच त्या मुलाची मागणी होती. डनलॉप यांनी मुलाला रस्ता बदलायला सांगितले नाही, की चाक मोठे करून पाहिले नाही. हादरा नेमका कोठे निर्माण होतो, याचा त्यांनी विचार केला. कडक चाक खड्यावर आदळते तेव्हा खड्यावरून जाण्यासाठी सायकल आणि स्वार असे सारे ओझे क्षणभर उचलले जाते. पुढे जाण्यासाठी लावलेले बळ अशा रीतीने वर उचलण्यात खर्ची पडते. चाक आणि रस्ता यांच्यामध्ये काही मऊ, लवचीक असेल, तर खडा त्यात बुडेल आणि ओझे सरळ पुढे जाईल. हे मऊ काही म्हणजे हवा, असे त्यांनी ठरवले.

ऑक्टोबर १८८७ मध्ये त्यांनी सुमारे ९६ सेंटिमीटर व्यासाची लाकडी चकती घेतली. पातळ रबराची नळी तयार करून ती चकतीच्या कडेवर बसवली, तिच्यावर कापडाचे आवरण चढवून ते कडेला पक्के केले आणि तीत हवा भरली. मग मुलाच्या सायकलचे एक चाक काढून घेतले आणि दोन्ही चाके अंगणातून एकामागून एक ढकलली. सायकलचे चाक वाटेतच आडवे झाले. हवेचे चाक अंगण ओलांडून फाटकाच्या खांबावर आदळले आणि उसळून मागे आले. चाकांच्या इतिहासातील एका मोठ्या बदलाची एवढीशीच ही प्रयोगशाळा होती.

पुढे तीनचाकीच्या मागच्या दोन्ही चाकांना हवेचे टायर बसवण्यात आले. फेब्रुवारी १८८८ च्या अखेरीस जॉनीने ती रस्त्यावर चालवून पाहिली. त्यानंतर मोठ्या सायकलवर प्रयोग झाले आणि ७ डिसेंबर १८८८ रोजी डनलॉप यांना पेटंट मिळाले. त्या वेळी ते ४८ वर्षांचे होते. या वयात बहुतेक माणसे नव्या उद्योगाऐवजी जम बसलेल्या व्यवसायाची काळजी घेतात.

थट्टा आणि शर्यत

शोध लागला तो काळही अनुकूल होता. तीनच वर्षांपूर्वी, १८८५ मध्ये, जॉन केम्प स्टार्ली यांची रोव्हर ही सायकल बाजारात आली होती. पुढचे चाक प्रचंड आणि मागचे चिमुकले असलेल्या धोकादायक सायकलींच्या जागी दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी ही नवी सायकल सुरक्षित होती. तिची चाके लहान असल्यामुळे हादरे मात्र जास्त बसत. डनलॉप यांच्या टायरने तिची ही उणीव भरून काढली.

तरीही लोकांनी प्रथम थट्टाच केली. फुगीर, जाडजूड चाके पाहून हसू येणे स्वाभाविक होते. बेलफास्टच्या एका सायकल क्लबचा कर्णधार विली ह्यूम याने मात्र हे टायर बसवलेली सायकल विकत घेतली. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या क्रीडास्पर्धेत त्याने सायकलच्या चारही शर्यती जिंकल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत लिव्हरपूल येथेही एक शर्यत वगळता सर्व शर्यती त्याच्याच नावावर झाल्या. हास्याची जागा कुतूहलाने आणि कुतूहलाची जागा मागणीने घेतली.

पराभूतांमध्ये डब्लिनचे व्यापारी हार्वे द्यु क्रो यांचे मुलगे होते. आयर्लंडमधील सायकलस्वारांच्या संघटनेचे अध्यक्ष असलेल्या या व्यवहारचतुर गृहस्थाने पराभवाचे कारण ओळखले. त्यांनी डनलॉप यांच्याशी संधान बांधले आणि डब्लिन येथे नवी कंपनी उभी राहिली. डनलॉप यांनी आपले हक्क थोडी रोख रक्कम आणि अल्प भागभांडवल यांच्या मोबदल्यात कंपनीकडे सोपवले. व्यवहाराचा लगाम तेव्हापासूनच दुसऱ्याच्या हाती गेला.

पंक्चरचा जन्म

डनलॉप यांच्या टायरने माणसाला आराम दिला आणि त्याच वेळी एक नवे दुखणेही दिले. भरीव रबराला काटा टोचला तरी फरक पडत नसे. हवेच्या टायरला टाचणीएवढे भोकही पुरेसे होते. त्यातून आरंभीचे टायर चाकाला डिंकासारख्या द्रावणाने चिकटवलेले असत. पंक्चर झाले, की ते सोडवून काढणे, आतली नळी शोधणे, भोक बुजवणे आणि पुन्हा सारे चिकटवून वाळू देणे भाग पडे. मिनिटांत होणारे हे काम नव्हते.

फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ येथील मिशेलिन बंधूंच्या रबर कारखान्यात असाच एक सायकलस्वार पंक्चर झालेले टायर घेऊन आला. दुरुस्तीला तीन तास लागले आणि वाळण्यासाठी ते रात्रभर ठेवावे लागले. दुसऱ्या दिवशी एदुआर मिशेलिन यांनी स्वतः सायकल चालवून पाहिली, तर काही अंतरावरच टायर पुन्हा बसले. एखाद्याने हात टेकले असते. एदुआर यांनी मात्र दोन निष्कर्ष काढले. हवेवर चालण्याचे सुख खरे होते आणि सायकलस्वाराला स्वतः काढता-घालता न येणारे टायर निरुपयोगी होते. त्यातून सुट्या टायरचा शोध लागला. १८९१ मध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १,२०० किलोमीटरची शर्यत शार्ल तेराँ याने मिशेलिनचे टायर वापरून जिंकली. पुढच्या वर्षी मिशेलिन यांनी पॅरिस ते क्लेरमाँ-फेराँ अशी शर्यत भरवली आणि मार्गावर चक्क खिळे पसरवले. पंक्चर होणारच, ते काही मिनिटांत काढता येते, हे लोकांना दाखवणे हा त्यामागचा हेतू होता.

इंग्लंडमध्येही हाच प्रश्न सोडवला जात होता. सप्टेंबर १८९० मध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी टायरच्या दोन्ही कडांमध्ये तार गुंफण्याची युक्ती शोधली. त्याच सुमारास विल्यम बार्टलेट यांनी कडांना आकडा देऊन त्या रिममध्ये अडकवण्याची पद्धत काढली. द्यु क्रो यांच्या कंपनीने ही पेटंटे ताबडतोब पदरात पाडून घेतली. १८९१ मध्ये फ्रँक वुड्स यांनी हवा आत घेणारा, पण बाहेर न सोडणारा छोटा व्हॉल्व्ह तयार केला. आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलींच्या ट्यूबला आजही दिसणारा, बारीक रबरी नळी चढवलेला व्हॉल्व्ह तो हाच. त्याला अनेक ठिकाणी डनलॉप व्हॉल्व्ह म्हणतात. त्याचे जनक मात्र डनलॉप नव्हते. रेणापुरातील सायकल दुरुस्तीच्या दुकानात टायरची कड पट्टीने उचकटली जाते तेव्हा हातात येते ती वेल्च यांची तार. हवा धरून ठेवते ती वुड्स यांची नळी. डनलॉप यांची आहे ती फक्त आतली हवा.

बेळगावचे दुकान

डनलॉप यांना पेटंट मिळाले ते १८८८ हे वर्ष मराठी माणसाच्या उद्योगाच्या इतिहासातही सायकलशी जोडलेले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर त्या सुमारास मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापन करत होते. बेळगावात त्यांचे बंधू रामुअण्णा यांच्यासह त्यांनी सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि रामुअण्णांनी त्या विकायच्या, चालवायला शिकवायच्या, असा हा व्यवहार होता. किर्लोस्कर उद्योगसमूह आपली सुरुवात याच दुकानापासून मोजतो. बेळगावातील तो रस्ता आज किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.

सायकल विकणाऱ्याला ती दुरुस्त करावीच लागते आणि दुरुस्त करणाऱ्याला ती समजून घ्यावी लागते. पुढे याच दुकानाच्या वाटेने कडबाकापणी यंत्र आले, लोखंडी नांगर आला आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेलफास्टमध्ये एका पशुवैद्याच्या अंगणात आणि बेळगावात एका अध्यापकाच्या दुकानात एकाच काळी सायकलचे चाक नव्याने फिरू लागले होते. दोघेही रूढ वाटेने आलेले कारखानदार नव्हते. फरक एवढाच, की लक्ष्मणरावांनी आपल्या हातचा उद्योग सोडला नाही आणि डनलॉप यांच्या हातून तो निसटला.

एकच चाक पुन्हा पुन्हा का बसते?

डनलॉप यांचा वारसा समजून घ्यायचा, तर पुन्हा पुन्हा होणाऱ्या पंक्चरकडे त्यांच्याच, म्हणजे निदान करणाऱ्या वैद्याच्या दृष्टीने पाहावे लागते. भोकावर ठिगळ लावणे हा उपचार झाला. भोक का पडले, हे शोधणे म्हणजे निदान. ते टाळले, की दुखणे उलटते.

ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहण्याआधी टायर रिमवर कसे बसले होते, याची खूण करून ठेवावी. ट्यूबवरचे भोक सापडले, की त्या खुणेवरून टायरमधील नेमकी जागा कळते. भोक बाहेरच्या, म्हणजे रस्त्याकडच्या बाजूला असेल, तर काटा किंवा तार टायरमध्येच रुतून बसल्याचा संशय घ्यावा. सराट्याचा मोडलेला काटा बाहेरून दिसत नाही. तो आत राहिला, तर नवी कोरी ट्यूबही दोन दिवसांत फुटते. टायरच्या आतून कापडाचा बोळा हलकेच फिरवला, की तो अडकतो. बोटांपेक्षा हा मार्ग सुरक्षित.

भोक आतल्या, म्हणजे रिमकडच्या बाजूला असेल, तर दोष रस्त्याचा नाही. जुन्या सायकलच्या रिममधील पट्टी कुजलेली किंवा सरकलेली असते आणि आऱ्यांची टोके ट्यूबला टोचतात. शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या, तर हवा कमी होती असे समजावे. खड्ड्यात चाक आदळताना ट्यूब रिमच्या दोन कडांखाली चिमटली गेली. अरुंद टायरच्या रेसिंग सायकलला साध्या सायकलपेक्षा बराच अधिक दाब लागतो. तो किती, हे टायरच्या कुशीवर छापलेले असते. भोक नसतानाही रबरातून हवा हळूहळू झिरपत असते. त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी दाब पाहणे आवश्यक. हवा सावकाश उतरत असेल आणि ट्यूबला भोक सापडत नसेल, तर साध्या सायकलच्या व्हॉल्व्हवरची रबरी नळी तपासावी. ती काही महिन्यांत चिकट होते किंवा चिरते. ती बदलण्याचा खर्च अगदी नाममात्र असतो. ठिगळ लावतानाही घाई नडते. घासलेल्या जागेवर लावलेले सोल्यूशन हाताला कोरडे लागेपर्यंत थांबले नाही, तर ठिगळ सुटते. आणि टायरच्या कुशीला भेगा पडून आतले धागे दिसू लागले असतील, तर टायर बदलण्यावाचून इलाज नाही.

या साऱ्याचे मोल शहरी हौशी सायकलस्वारापुरते नाही. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील शाळकरी मुलींना सायकली देण्यात आल्या. वाडी-वस्तीवरून शाळेत जाणाऱ्या मुलीची सायकल रस्त्यात बसते तेव्हा तिचा तास बुडतो. तीच सायकल महिन्यातून चार वेळा बसली, की घरात सायकलऐवजी शाळेविषयीच शंका घेतली जाऊ लागते. सराट्याचा एक काटा एवढे दूरवर टोचू शकतो.

पेटंट गेले, नाव उरले

कंपनी नुकती मार्गी लागत असतानाच डनलॉप यांच्यावर मोठा आघात झाला. त्यांचे पेटंट ग्राह्य नाही, असे १८९० मध्ये त्यांना अधिकृतरीत्या कळवण्यात आले. रॉबर्ट विल्यम थॉम्सन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने सुमारे ४० वर्षांपूर्वीच हवेच्या चाकाचे पेटंट घेतलेले होते. थॉम्सन यांनी १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला अशी चाके लावून दाखवलीही होती. त्यांचे एक संच सुमारे १,२०० मैल चालले, अशी नोंद आहे. परंतु तेव्हा सायकल नव्हती, मोटार नव्हती आणि योग्य रबरही सहज मिळत नव्हते. थॉम्सन १८७३ मध्ये निवर्तले आणि त्यांचा शोध कागदांत पडून राहिला. डनलॉप यांना त्याची गंधवार्ताही नव्हती. तरीही कायद्याच्या दृष्टीने पहिला तो पहिलाच.

पेटंट गेल्यावर कंपनी तरली ती वेल्च आणि बार्टलेट यांच्या शोधांवर. डनलॉप यांचे स्थान हळूहळू नामधारी झाले. १८९२ च्या सुमारास ते डब्लिनला राहायला गेले आणि १८९५-९६ च्या दरम्यान कंपनीपासून दूर झाले. नेमक्या त्याच वेळी, १८९६ मध्ये, द्यु क्रो यांनी हा व्यवसाय टेरा हूली या सावकारी पेढीवाल्याला ३० लाख पौंडांना विकला आणि हूलीने तो लगोलग ५० लाख पौंडांना जनतेच्या गळ्यात मारला. सायकलच्या वेडाने इंग्लंड झपाटले होते. या लाखांच्या उलाढालीत मूळ संशोधकाच्या वाट्याला आलेला हिस्सा नगण्य होता. नव्या मालकांनी नाव मात्र तेच ठेवले, कारण बाजारात पत होती ती डनलॉप या नावाला.

रबराची किंमत

हवेच्या टायरने रबराची भूक अचानक वाढवली आणि तिची झळ डनलॉप यांनी कधी न पाहिलेल्या माणसांना लागली. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खासगी मालकीच्या काँगो फ्री स्टेटमध्ये जंगलातील रबर गोळा करण्यासाठी गावेच्या गावे वेठीला धरली गेली. ठरवून दिलेले रबर न आणणाऱ्यांना ओलीस ठेवणे, फटके मारणे, गोळ्या घालणे, हात तोडणे असे अनन्वित अत्याचार झाले. हे जगापुढे सप्रमाण मांडणारा अहवाल १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. तो लिहिणारे ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट हे जन्माने डब्लिनचे होते. जगभरातील संतापानंतर १९०८ मध्ये काँगो राजाच्या हातून काढून बेल्जियमच्या सरकारकडे देण्यात आले.

यात डनलॉप यांचा व्यक्तिगत दोष नाही. मुलाच्या सायकलचे हादरे कमी करणाऱ्या पित्याला काँगोचे जंगल दिसणे शक्य नव्हते. तरीही शोधाचा इतिहास सांगताना त्याची किंमत कोणी मोजली, हे वगळता येत नाही. पुढे ब्राझीलमधून आणलेल्या बियाण्यांवर आशियात रबराचे मळे उभे राहिले. केरळातील थट्टेकाड येथे १९०२ मध्ये रबराची व्यापारी लागवड सुरू झाली. डनलॉप यांच्या नावाची कंपनीही भारतात आली आणि १९३६ मध्ये बंगालमधील साहागंज येथे तिचा कारखाना उभा राहिला. सायकलपासून ट्रकपर्यंतच्या टायरवर हे नाव कित्येक पिढ्यांनी वाचले. तो कारखाना पुढे बंद पडला. मराठवाड्यातील ऊसतोड कामगार मात्र आजही बैलांनी ओढायच्या रबरी चाकांच्या गाडीला टायरगाडी म्हणतात. रेणापूर तालुक्यातील रेणा सहकारी साखर कारखान्यासारख्या अनेक कारखान्यांचे गाळप या टायरगाड्यांच्या आधाराने पार पडत आले आहे. घोड्यांच्या वैद्याला, आपल्या हवेने बैलांच्या मानेवरचेही ओझे हलके केले, याचे समाधान निश्चित वाटले असते.

नोटेवरचा चेहरा

टायरचा धंदा सोडल्यावर डनलॉप डब्लिनमध्ये शांतपणे राहिले. एका कापड व्यवसायात त्यांनी लक्ष घातले. आपले मुखचित्र बोधचिन्ह म्हणून वापरण्याची मुभा त्यांनी कंपनीला पूर्वी दिलेली होती. अखेरच्या काळात याच चेहऱ्याने त्यांना मनस्ताप दिला. कंपनीच्या जाहिरातींत त्यांचे शिर एका छानछोकी, ऐटबाज माणसाच्या धडावर बसवलेले दिसू लागले. उंच टोपी, झुळझुळीत कपडे, हातात छडी. साधेपणाने जगलेल्या वृद्धाला ही विटंबना सहन झाली नाही. ज्या कंपनीला आपले नाव दिले, तिच्याविरुद्धच त्यांनी न्यायालयात धाव घेतली आणि हा वाद ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. शोध गेला, पैसा गेला, याबद्दल ते कोर्टात गेले नव्हते. आपण जे नव्हतो, तसे जगाला दाखवले जाऊ नये, एवढाच त्यांचा आग्रह होता.

२३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिन येथे वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. डीन्स ग्रेंज दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली. हवेच्या टायरचा इतिहास त्यांनी स्वतः लिहून ठेवला होता. तो त्यांच्या पश्चात मुलीने प्रसिद्ध केला. पुढे उत्तर आयर्लंडमधील नॉर्दर्न बँकेने आपल्या दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. ज्यांच्या नावावर इतरांनी लाखो पौंड मिळवले, त्यांच्या वाट्याला चलनी नोटेवरचे हे स्थान यावे, हा इतिहासाचा विनोद म्हणायचा की न्याय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

हवेचे चाक प्रथम थॉम्सन यांना सुचले, डनलॉप यांनी ते रस्त्यावर आणले, वेल्च, बार्टलेट, मिशेलिन आणि वुड्स यांनी ते दुरुस्त करण्याजोगे केले. आणि गावोगावच्या रस्त्याकडेला पाण्याचे घमेले, कानस आणि सोल्यूशनची डबी घेऊन बसलेल्या कारागिरांनी ते आजवर चालते ठेवले. नाव एकाचे राहिले, तरी चाक इतक्या हातांनी फिरते आहे. डनलॉप यांच्या आयुष्याकडून घ्यायचे ते त्यांची कीर्ती नव्हे, तर दुखण्याच्या मुळाशी जाण्याची त्यांची सवय. ती ज्याने घेतली, त्याच्या जुन्या सायकलचे चाक काट्यांच्या वाटेवरही फार वेळा बसणार नाही.